‘घरात मराठी बोलू नका, मूल गोंधळेल’

जर्मनीत लहान मूल घेऊन आलेल्या घरांना हा सल्ला हमखास मिळतो: घरीसुद्धा जर्मनच बोला, नाहीतर पोर उशिरा बोलेल. सल्ला प्रेमाचा, पण चुकीचा.

त्याचं मूळ जुनं आहे. 1923 साली वेल्समध्ये सेअर या संशोधकांनी द्विभाषिक मुलं मागे पडतात असं मांडलं. घरच्या परिस्थितीतला फरक मात्र नीट धरलाच नव्हता. 1962 मध्ये मॉन्ट्रियलला पील आणि लॅम्बर्ट या संशोधकांनी तो धरला, तर द्विभाषिक मुलं उलट पुढे निघाली.

किटातून (जर्मन पाळणाघरातून) आलेलं पोर ‘आई, वासर दे’ म्हणतं. (आजीला व्हिडिओ कॉलवर गोठ्यातलं वासरू आठवतं. मागितलेलं असतं पाणी, जर्मनमध्ये ‘वासर’.) हा गोंधळ नव्हे, जो शब्द हाताशी आला तो वापरला. एकेका भाषेतले शब्द थोडे कमी भरतील, म्हणून मोजताना दोन्हींची बेरीज करायची. किटात सुरुवातीला मूल गप्प राहतं, तेही नेहमीचंच.

मात्र मराठीतही बोलणं मागे असेल, तर भाषेला दोष न देता आधी कान तपासून घ्या.