सोलापुरातल्या घराघरांतली फळमाशी

सडक्या केळ्यावर घोंघावतात त्या चिलटांना लोक फळमाशी म्हणतात पण ही ती नव्हे. ही साधारण घरातल्या माशीएवढी, तपकिरी अंगाची, पिवळ्या पट्ट्यांची, आणि मादी झाडावरच्या चांगल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते, त्याला डंख म्हणतात. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, गर खातात, फळ गळतं, मग अळी बाहेर पडून मातीत शिरते आणि कोषात जाते. उबदार हवेत अख्खी पिढी महिन्याभरात उरकते.

सोलापुरात कडक उन्हाळ्यात ती कमी दिसते, पाऊस सुरू झाला की वाढते, म्हणून पावसाळ्यातला पेरू सगळ्यात जास्त किडतो. विजापूर रोड, जुळे सोलापूर इकडे बंगल्याच्या कंपाउंडमध्ये पेरूचं झाड असतंच, आणि फळं कुणी काढत नाही ती खाली पडून सडतात, खरी अडचण तिथे आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 1998 साली लॉस एंजेलिसमध्ये ऑलिव्हवरची फळमाशी पहिल्यांदा सापडली, तिथेही तेच, रस्त्याकडेला शोभेला लावलेली ऑलिव्हची झाडं, फळं कुणी तोडत नाही, माशी तिथे वाढते आणि बागायतदारांकडे जाते.

लक्ष ठेवायला कामगंध सापळा वापरतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा राज्यात ओळखीचा आहे. आत मिथाइल युजेनॉलची गोळी असते (तुळशीतही हे द्रव्य असतं), त्याच्या वासाने नर येतात. फक्त नर, हे नीट लक्षात घ्या, कारण सापळा माश्यांनी भरला म्हणजे पेरू वाचला असं लोक धरून चालतात आणि तिकडे आधीच मिलन झालेली मादी डंख मारतच असते. सापळ्यावरून माशी कधी आली, वाढतेय का, एवढं पक्कं कळतं. नर संपवून पिढी तोडायची तर अख्ख्या गल्लीने सापळे लावायला हवेत, एका घराने लावून भागत नाही. दोडका, कारली यांच्या वेलावरची माशी वेगळी, तिला क्यू ल्युर नावाचं दुसरं आमिष लागतं. बोरावरची तर आणखी वेगळी, ती मिथाइल युजेनॉलला फारशी येत नाही, म्हणून जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत बोरात अळी निघाली तर सापळ्याला दोष देऊ नये. डाळिंब पोखरणारी अळी सुरसा नावाच्या फुलपाखराची, तिचा या माशीशी संबंध नाही.

घरच्या झाडाला माझ्या मते औषध मारण्याआधी खालची फळं उचलणं जास्त गरजेचं आहे, तेही रोज, कारण अळी मातीत गेली की हाताला लागत नाही. ती फळं कचऱ्याच्या ढिगावर किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून कडक उन्हात ठेवा नाहीतर दोन फूट खोल पुरा. झाडाखालची माती अधूनमधून खुरप्याने हलवली की कोष उघडे पडतात, मुंग्या आणि पाखरं खातात. मोजकीच फळं हवी असतील तर ती हिरवी असतानाच कागदी पिशवी बांधायची, डंख बसल्यावर बांधून उपयोग नाही. आणि खायचीच नसतील तर कोवळी असतानाच तोडून टाकायची.