सुरुवातीचं पंक रॉक आणि त्याचे फॅन : वारसा आणि प्रभाव

पंक रॉक म्हणजे साधारण 1974 ते 1978 या काळात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये उभं राहिलेलं, फास्ट, छोट्या गाण्यांचं, तीन-चार कॉर्ड्सवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर) चालणारं रॉक संगीत, आणि त्याच्याभोवती जमलेली पोरापोरींची एक अख्खी दुनिया. संगीत म्हणून याची पहिली लाट तीन-चार वर्षांत ओसरली, बरेच बँड तुटले, पण वारसा आजही चालू आहे. त्यातला मोठा वाटा त्या वेळच्या फॅन लोकांचा आहे, कारण स्टेजखाली उभी असलेली पोरंच वर्षभरात स्टेजवर गेली, कुणी मासिक काढलं, कुणी रेकॉर्ड कंपनी काढली, कुणी दुकान टाकलं. म्हणून पंकचा इतिहास सांगताना बँडइतकीच जागा फॅनना द्यावी लागते, खरं तर थोडी जास्तच.

सुरुवात कुठून झाली

न्यूयॉर्कच्या बावरी नावाच्या रस्त्यावर, तेव्हा तो भाग फार पडीक होता, हिली क्रिस्टल नावाच्या माणसाने डिसेंबर 1973 मध्ये सीबीजीबी हा बार चालू केला. नावातली पहिली तीन अक्षरं कंट्री आणि ब्लूग्रासची, शेवटचं ब्लूजचं, म्हणजे मालकाला वेगळंच संगीत ठेवायचं होतं, पण आले ते टेलिव्हिजन, पॅटी स्मिथ, ब्लाँडी, टॉकिंग हेड्स आणि क्वीन्स भागातली चार पोरं, म्हणजे रमोन्स. हे चौघे भाऊबिऊ नव्हते, चौघांनी आडनाव एकच लावलं एवढंच. त्यांचा पहिला अल्बम एप्रिल 1976 मध्ये आला, त्यात 14 गाणी आणि सगळा मिळून अर्ध्या तासाच्या आत, आणि तो करायला साधारण 6,400 डॉलर लागले, तेही अशा काळात जेव्हा मोठे बँड एका अल्बमसाठी महिनोन् महिने स्टुडिओत बसायचे. अमेरिकेच्या चार्टवर तो 111 च्या वर गेलाच नाही. त्याला गोल्ड रेकॉर्डचा दर्जा मिळाला 2014 मध्ये, 38 वर्षांनी, तोपर्यंत मूळ चौघांपैकी एकटा टॉमी हयात होता आणि तोही त्याच जुलैमध्ये गेला. हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण या एका अल्बमवरून किती बँड निघाले याची मोजदाद करणं अवघड आहे.

लंडनमध्ये परिस्थिती वेगळी होती. देशात बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेलेली, सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागायला गेलेलं, आणि शाळा सोडलेल्या पोरांना पुढे काही दिसत नव्हतं. किंग्ज रोडवर माल्कम मॅक्लेरन आणि व्हिव्हियन वेस्टवुड यांचं कपड्यांचं दुकान होतं, तिथे येणाऱ्या पोरांमधून सेक्स पिस्टल्स उभा राहिला. 1 डिसेंबर 1976 ला संध्याकाळच्या टीव्ही कार्यक्रमात बिल ग्रंडी या निवेदकाने उचकवल्यावर त्यांनी लाइव्ह शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत तेच, मग शहरांमागून शहरांनी त्यांचे शो रद्द केले. 1977 मध्ये राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी आलेल्या त्यांच्या गाण्यावर बीबीसीने बंदी घातली तरी ते चार्टवर दोन नंबरला गेलं. हा सगळा भाग सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

चाळीसेक माणसांचा शो

मँचेस्टरजवळ राहणाऱ्या हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोन विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी 1976 मध्ये पेपरात सेक्स पिस्टल्सबद्दल वाचलं, गाडी काढली आणि शेकडो किलोमीटर खाली जाऊन त्यांना बघून आले. मग म्हणाले यांना आपल्या गावात आणायचं. 4 जून 1976 ला लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये तो शो झाला, तिकीट 50 पेन्स, आणि प्रेक्षक किती, तर चाळीसेक. पण त्या चाळिसांत बर्नार्ड समनर आणि पीटर हूक होते, हूकने दुसऱ्याच दिवशी बास गिटार विकत घेतली, त्याला वाजवता येत नव्हतं तरी, आणि त्यातून पुढे जॉय डिव्हिजन आणि न्यू ऑर्डर झाले. मॉरिसी होता, जो पुढे द स्मिथ्सचा गायक झाला, त्याने तर त्या शोबद्दल संगीताच्या साप्ताहिकाला पत्रही लिहिलं. शो भरवणाऱ्या दोघांचा स्वतःचा बँड बझकॉक्स त्या दिवशी तयारच नव्हता, सहा आठवड्यांनी 20 जुलैला पिस्टल्स परत आले तेव्हा ते वाजवले. आज मी तिथे होतो म्हणणारे इतके आहेत की तो हॉल चार वेळा भरेल, पण मुद्दा तो नाही, मुद्दा हा की स्टेजवरची पोरं फार ग्रेट वाजवत नव्हती आणि समोरच्यांना पहिल्यांदाच वाटलं की हे आपल्यालाही जमेल.

लंडनमध्ये हेच ब्रॉमली या उपनगरातल्या टोळक्याबाबत झालं. ही पिस्टल्सच्या मागे मागे फिरणारी फॅन मंडळी, त्यांचे कपडे बघूनच लोक थांबायचे. सप्टेंबर 1976 मध्ये हंड्रेड क्लबमध्ये दोन दिवसांचा पंक मेळा होता, त्यात यांच्यातलीच सूझी सू फारशी तालीम न करता स्टेजवर गेली, ड्रमवर सिड व्हिशस, आणि वीस मिनिटं जे सुचेल ते वाजवलं. तोच सूझी अँड द बॅनशीज हा बँड, जो पुढे वीस वर्षं टिकला.

टाइपरायटर, स्केचपेन आणि झेरॉक्स

पंकचा सगळ्यात टिकाऊ वारसा कुठला असं विचारलं तर मी फॅनझीन म्हणेन, म्हणजे फॅनने फॅनसाठी घरी बनवलेलं मासिक. 1976 मध्ये लंडनमधला एक 19 वर्षांचा बँकेतला क्लार्क, मार्क पेरी, रमोन्सने इतका भारावला की त्यांच्यावर लिहिलेलं काहीतरी वाचायला शोधत होता, मनासारखं सापडेना, म्हणून त्याने स्वतःच काढलं. स्निफिन ग्लू हे नाव रमोन्सच्याच एका गाण्यावरून. मुलांचा असतो तसा टाइपरायटर, मथळे जाड स्केचपेनने, खाडाखोड तशीच ठेवलेली, पानं झेरॉक्स करून कोपऱ्यात स्टेपल केलेली. पहिल्या अंकाच्या पन्नासेक प्रती होत्या आणि वर्षभरात खप हजारांत गेला. बँकेची नोकरी सुटली. तो वाचकांना पुन्हा पुन्हा सांगायचा की मला वाचत बसू नका, स्वतःचं काढा, आणि 1977 मध्ये मासिक ऐन भरात असताना त्याने ते बंद केलं आणि स्वतःच्या बँडकडे वळला. लोकांनी त्याचं ऐकलं. गावोगावी झीन निघाली. त्यातल्या साइडबर्न्स नावाच्या झीनमध्ये 1977 च्या सुरुवातीला गिटारच्या तीन कॉर्ड्सची हाताने काढलेली चित्रं छापली होती आणि खाली लिहिलं होतं की आता बँड काढा. हे चित्र बऱ्याच ठिकाणी स्निफिन ग्लूच्या नावावर खपवलं जातं, ते चूक आहे.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये. आपल्याकडे साठच्या दशकात मुंबईत लघुनियतकालिकं सायक्लोस्टाइल करून निघायची, मोठे प्रकाशक छापत नाहीत ना, मग आपणच छापू, अशा हिमतीवर. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि आपल्याकडे मामला कवितेचा होता, पण यंत्र स्वस्त झालं की ज्यांना कुणी विचारत नाही ते बोलायला लागतात हे दोन्हीकडे दिसतं.

रेकॉर्डचंही तसंच झालं. डिसेंबर 1976 मध्ये बझकॉक्सने घरच्यांकडून आणि मित्रांकडून 500 पौंड उसने घेऊन चार गाणी एका दिवसात रेकॉर्ड केली आणि जानेवारी 1977 मध्ये न्यू हॉर्मोन्स या स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीवर, स्पायरल स्क्रॅच नावाने काढली, कव्हरवर पोलरॉइड कॅमेऱ्याचा फोटो. हजार प्रती काढल्या होत्या, खपतील की नाही ही धाकधूक, खपल्या सुमारे 16,000. कव्हरच्या मागे कुठलं गाणं कितव्या टेकचं आहे तेही छापलं होतं, म्हणजे लपवायचं काही नाही. पुढच्या वर्षी स्क्रिटी पोलिटी या बँडने तर कव्हरवर खर्चाचा हिशोबच छापला, रेकॉर्डिंगला इतके, प्रेसिंगला इतके, लेबलांना इतके, म्हणजे वाचणाऱ्याने तसंच्या तसं करावं. आणि अशा रेकॉर्ड विकायला लंडनमध्ये रफ ट्रेडसारखं दुकान होतं, जेफ ट्रॅव्हिसने 1976 मध्ये टाकलेलं, त्याचं पुढे लेबल झालं आणि देशभर माल पोचवणारं जाळंही झालं. आज घरी बसून गाणं बनवून स्वतः अपलोड करणाऱ्या पोरांना हे नेहमीचं वाटेल, पण तेव्हा रेकॉर्ड काढणं म्हणजे मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहणं, दुसरा रस्ताच बहुतेकांना दिसत नव्हता.

मुली, रेगे आणि रस्त्यावरचं राजकारण

पंकच्या आधी रॉकमध्ये मुलगी म्हणजे बहुतेक वेळा गायिका नाहीतर फॅन. पंकमध्ये ते बदललं. द स्लिट्स या बँडची आरी अप त्यात आली तेव्हा 14 वर्षांची होती. एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन, वडील सोमाली आणि आई स्कॉटिश-आयरिश, दातांना तारा लावून स्टेजवर यायची आणि जाहिराती, प्लास्टिक, बाईने कसं दिसावं यावर ओरडून गायची. तिचा आवाज अजूनही ऐकला की अंगावर काटा येतो.

रॉक्सी या क्लबात 1977 च्या सुरुवातीला रेकॉर्ड लावायचं काम डॉन लेट्स या जमैकन घरातल्या मुलाकडे होतं. वाजवायला पंकच्या रेकॉर्ड्स फारशा निघालेल्याच नव्हत्या, मग तो रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, लावायचा, आणि गोरी पोरं रेगेच्या प्रेमात पडली. द क्लॅश या लंडनच्या पंक बँडच्या पहिल्याच अल्बममध्ये ज्युनियर मर्व्हिनचं रेगे गाणं आहे. दुसरीकडे नॅशनल फ्रंट हा वंशवादी पक्ष वाढत होता, आणि ऑगस्ट 1976 मध्ये एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून स्थलांतरितांविरुद्ध बडबड केली, त्यावर चिडून काही जणांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहिलं आणि रॉक अगेन्स्ट रेसिझम ही चळवळ उभी राहिली. 30 एप्रिल 1978 ला ट्रॅफल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत हजारो लोक चालत गेले आणि तिथे द क्लॅश, स्टील पल्स, एक्स-रे स्पेक्स, टॉम रॉबिन्सन बँड वाजले.

आपल्या उपखंडाचा धागा इथेच सापडतो. 1979 मध्ये लंडनमध्ये पाकिस्तानी घरांतली तीन मुलं आणि एक गोरा मुलगा मिळून एलियन कल्चर हा बँड झाला. मार्गारेट थॅचर 1978 मध्ये टीव्हीवर म्हणाल्या होत्या की लोकांना परक्या संस्कृतीच्या माणसांखाली बुडून जाण्याची भीती वाटते, बँडचं नाव त्यावरून. 1980 मध्ये त्यांची एकच सिंगल निघाली. घरी आईबापांची शिस्त आणि बाहेर मारहाण, यात अडकलेल्या आशियाई पोरांबद्दल तेव्हा कुणी गात नव्हतं.

एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या काही पंक लोकांनी, सिड व्हिशस आणि सूझीसकट, निव्वळ लोकांना धक्का द्यायला स्वस्तिकाचं नाझी चिन्ह अंगावर मिरवलं. हेतू काहीही असो, ते चूकच होतं, आणि पुढे खरोखरचे नवनाझी बँड याच संगीताच्या आडोशाने वाढले तेव्हा त्याची किंमत कळली. त्यांना शोमधून हाकलायचं काम पंकच्याच फॅननी वर्षानुवर्षं केलं, मार खाऊन केलं.

पुढे कुठे कुठे पोचलं

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये 1980 ला इयन मॅकाय आणि जेफ नेल्सन या पोरांनी डिसकॉर्ड हे लेबल काढलं, भांडवल म्हणजे आपल्या तुटलेल्या बँडच्या शोमधून साठलेले शेकड्यांतले डॉलर, कव्हरं स्वतः कात्रीने कापून, घडी घालून चिकटवलेली. तिथेच दारू-ड्रग्ज नको म्हणणारा स्ट्रेट एज प्रकार निघाला. अल्पवयीन मुलांना क्लबात घ्यावं म्हणून त्यांच्या हातावर काळी फुली काढायचे, म्हणजे बारवाल्याने दारू द्यायची नाही, आणि तीच फुली पुढे जगभर खूण झाली. मॅकायचा नंतरचा बँड फुगाझी मोठा झाल्यावरही तिकीट पाचेक डॉलरच ठेवायचा. 1991 च्या आसपास अमेरिकेतल्या ऑलिम्पिया या गावात आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये रायट गर्ल ही पंकमधल्या मुलींची चळवळ आली, बिकिनी किलची कॅथलीन हॅना शोमध्ये मुलींना पुढे बोलवायची आणि मुलांना मागे सरकायला सांगायची, कारण धक्काबुक्कीत मुलींना स्टेज दिसायचंच नाही. हत्यार परत तेच, झेरॉक्स केलेलं झीन. 1991 मध्येच निर्वाणा या बँडचा दुसरा अल्बम आला आणि पंकमधून शिकलेला बँड अमेरिकेच्या चार्टवर एक नंबरला गेला.

पूर्व जर्मनीत पंक पोरांवर श्टाझी म्हणजे गुप्त पोलिसांची पाळत असायची, सरकारी हॉल मिळायचे नाहीत, म्हणून शो चर्चमध्ये व्हायचे. नामेनलोस या बँडच्या पोरांना 1983 मध्ये गाण्यांपायी तुरुंगात जावं लागलं. इंडोनेशियात डिसेंबर 2011 मध्ये बांदा आचेहच्या पोलिसांनी एका शोमधून साठपेक्षा जास्त पंक पोरापोरींना उचललं, पोरांची डोकी भादरली, तळ्यात बुडवून आंघोळ घातली आणि सुधारण्यासाठी दहा दिवस ठेवून घेतलं. मुंबईत 2010 च्या आसपास द रायट पेडलर्ससारखा बँड आला, इथल्या राजकारणावर आणि शहरावर चिडून गाणारा, पण आपल्याकडे मेटलला जसा फॅनवर्ग मिळाला तसा पंकला मिळाला नाही.

बाजाराने काय उचललं

सीबीजीबी ऑक्टोबर 2006 मध्ये बंद झालं, शेवटचा शो पॅटी स्मिथचा, आणि त्या जागी महागड्या कपड्यांचं दुकान आलं. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने पंक फॅशनचं प्रदर्शन भरवलं, त्यात सीबीजीबीच्या संडासाची प्रतिकृतीसुद्धा होती. रमोन्सचा गोल शिक्क्याचा टी-शर्ट, आर्तुरो वेगा या कलाकाराने अमेरिकन राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून केलेला, आज एकही गाणं न ऐकलेले लोक घालतात. त्याचा राग मला येत नाही, त्यातल्या एखाद्याने नाव शोधून गाणं लावलं तरी पुरे. नोव्हेंबर 2016 मध्ये, पंकच्या चाळिशीचे सरकारी-निमसरकारी सोहळे चालू असताना, मॅक्लेरन आणि वेस्टवुडचा मुलगा जो कोरे याने थेम्समधल्या बोटीवर पंकच्या जुन्या वस्तू जाळल्या, त्याच्या म्हणण्यानुसार 50 लाख पौंडांच्या. वेस्टवुड स्वतः हजर होत्या. मला ते जाळणं पटलेलं नाही, कारण त्यातले कपडे कुणीतरी हाताने शिवलेले होते.

कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमधला 924 गिलमन हा क्लब 1986 च्या शेवटच्या दिवशी चालू झाला, ग्रीन डे हा बँड तिथे वाजवत मोठा झाला. वंशवाद नाही, बायकांचा अपमान नाही, मारामारी नाही, दारू नाही, असे त्याचे नियम दारावरच लिहिलेले आहेत. कोणत्याही वयाच्या पोराला आत घेतात, आणि दारावर तिकीट फाडण्यापासून साउंडपर्यंतचं बहुतेक काम आजही शो बघायला येणारेच करतात.