न्यूरेंबर्गचे कायदे आणि मुसोलिनीचे वंशकायदे: दिसायला सारखे, माणूस पकडण्याची तऱ्हा वेगळी

मुसोलिनीने 1938 मध्ये हिटलरच्या कायद्यांची नक्कल केली, असे सर्रास लिहिले जाते. दोन्हीकडे निशाण्यावर ज्यू होते आणि दोन्हीकडे मिश्र विवाहांवर बंदी आली, म्हणून एकाची कलमे दुसऱ्याच्या नावावर खपून जातात. शिवाय ‘इटलीचा कायदा तसा सौम्यच होता’ हे पालुपदही जोडले जाते. दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचले तर यातले फारसे काही टिकत नाही.

आधी तारखा. हिटलरच्या जर्मनीतले न्यूरेंबर्गचे दोन कायदे 15 सप्टेंबर 1935चे: एक नागरिकत्वाचा, दुसरा ‘जर्मन रक्त आणि जर्मन प्रतिष्ठा’ यांच्या रक्षणाचा. गंमत नव्हे, गंभीर बाब अशी की त्या दिवशी ज्यू कोण हेच ठरलेले नव्हते. ती व्याख्या 14 नोव्हेंबरच्या पूरक आदेशात आली. इटलीत एकच असा कायदा नाही, वटहुकुमांची मालिका आहे. 5 सप्टेंबर 1938 ला शाळांविषयी, 7 सप्टेंबरला परदेशी ज्यूंविषयी, आणि 17 नोव्हेंबरला मुख्य वटहुकूम, क्रमांक 1728. सह्या राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्या. पण त्याही आधी, एप्रिल 1937 मध्ये, इथिओपिया जिंकल्यानंतर आफ्रिकी वसाहतींतल्या स्थानिक स्त्रीबरोबर पत्नीसारखे राहणाऱ्या इटालियन पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद ठरवणारा कायदा रोमने केलेला होता. वंशाच्या नावाखाली कायदा करायला रोमला बर्लिनची शिकवणी लागली नाही.

खरा फरक मोजणीत आहे. जर्मनी चार आजी-आजोबा मोजते. तीन किंवा चार ज्यू असतील तर माणूस ज्यू. दोन असतील तर पहिल्या दर्जाचा ‘मिश्लिंग’, म्हणजे मिश्रवंशीय. एक असेल तर दुसऱ्या दर्जाचा. मात्र दोन असूनही तो ज्यू धार्मिक समाजाचा सभासद असेल किंवा त्याचा जोडीदार ज्यू असेल, तर तो पूर्ण ज्यू धरला जाई. आता आजोबा ज्यू हे कशावरून ठरायचे? ज्यू धार्मिक समाजाच्या नोंदवहीवरून. सगळी भाषा रक्ताची, आणि पुरावा धर्माचा. रक्तात असे काही सापडतच नव्हते, म्हणून वंशाचा हा डोलारा नोंदवह्यांवर उभा करावा लागला.

इटलीच्या कायद्यात आजी-आजोबा नाहीत, आई-वडील आहेत, आणि मधला दर्जाच नाही: एक तर ज्यू, नाही तर ‘आर्य’. दोन्ही पालक ज्यू असतील तर मूल ज्यू, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. एकच पालक ज्यू असेल तर बाकीच्या अटी पाहायच्या. वडील ज्यू, आई कॅथलिक इटालियन, आणि मूल 1 ऑक्टोबर 1938च्या आधीपासून ज्यूखेरीज दुसऱ्या धर्माचे असेल, तर ते सुटले. तोच बाप्तिस्मा त्या तारखेनंतरचा असेल तर त्याचा उपयोग नाही. आणि आई कॅथलिकच पण परदेशी नागरिक असेल, समजा फ्रेंच, तर मूल थेट ज्यू. आईकडचे आजी-आजोबा ख्रिस्ती असलेले हेच मूल जर्मनीत पहिल्या दर्जाचा मिश्लिंग ठरले असते. म्हणजे या एका जागी इटलीचा कायदा जास्त कठोर आहे.

शाळांच्या बाबतीतही तेच. जर्मनीने 1933 पासून ज्यू मुलांच्या प्रवेशावर मर्यादा घातली, पण सरकारी शाळांतून त्यांना सरसकट काढले ते 15 नोव्हेंबर 1938 ला. इटलीने हे सप्टेंबरातच करून टाकले. शिक्षक, प्राध्यापक, विद्यार्थी सगळे बाहेर. ज्यू लेखकांची पाठ्यपुस्तकेही गेली. आधीच विद्यापीठात शिकत असलेल्यांना तेवढी पदवी पुरी करता आली. दहा ज्यू मुले जमली तर प्राथमिकचा वेगळा वर्ग निघे. याच फटक्यात तुरिनमध्ये शास्त्रज्ञ रिता लेव्ही-मोंताल्चिनी यांचे विद्यापीठातले काम गेले. त्यांनी घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटून कोंबडीच्या अंड्यांतल्या भ्रूणांवर काम चालू ठेवले. 1986 चे नोबेल त्यांना मिळाले. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांची पत्नी ज्यू. डिसेंबर 1938 मध्ये स्टॉकहोमला नोबेल स्वीकारून ते कुटुंबासह अमेरिकेला गेले, परतले नाहीत.

नागरिकत्वात मात्र जर्मनी पुढे आहे. तिथे ज्यू ‘राइखचा’, म्हणजे जर्मन राष्ट्राचा, नागरिक राहिला नाही, नुसता प्रजाजन उरला: मत नाही, सरकारी पद नाही. नोव्हेंबर 1941च्या आदेशाने तर देशाबाहेर गेलेल्या ज्यूचे उरलेसुरले नागरिकत्व आणि मालमत्ता दोन्ही आपोआप गेली, आणि ‘बाहेर जाणे’ यात गाडीत कोंबून पाठवलेलेही धरले. इटलीने 1 जानेवारी 1919 नंतर नागरिकत्व मिळालेल्या ज्यूंचे ते काढून घेतले. जन्माने इटालियन असलेले नागरिक राहिले, पण सैन्यात नाहीत, सरकारी नोकरीत नाहीत, शंभर किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याचे मालक नाहीत. घरात ‘आर्य’ नोकर ठेवायलाही बंदी. जर्मनीत ही बंदी 45 वर्षांखालच्या जर्मन स्त्रियांपुरती होती.

इटलीत सवलतीची सोय होती: युद्धात मेलेल्यांची कुटुंबे, पदके मिळालेले, सुरुवातीचे फॅसिस्ट. सौम्यपणाचा पुरावा म्हणून नेहमी हेच कलम पुढे केले जाते, म्हणून ते नीट वाचावे. सवलतीने मुख्यतः मालमत्तेवरची आणि सैन्यातली बंधने उठत. शाळा बंद ती बंदच, सरकारी नोकरी गेली ती गेलीच, विवाहबंदीही कायम. 1939 मध्ये जन्मनोंदी काहीही सांगोत, एखाद्याला ‘ज्यू नाही’ ठरवायचा अधिकार एका आयोगाला दिला, आणि तिथे लाचखोरीला ऊत आला.

सगळ्यात जास्त नुकसान केले ते एका साध्या कागदाने. 22 ऑगस्ट 1938 ला, म्हणजे मुख्य वटहुकुमाच्याही आधी, इटलीने ज्यूंची वेगळी शिरगणती केली. सुमारे 58 हजार माणसे नाव-पत्त्यासह नोंदली गेली, आणि प्रत्येक जिल्ह्याच्या कचेरीत त्या याद्या पुढेही अद्ययावत ठेवल्या गेल्या. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांपुढे शरणागती पत्करताच जर्मन सैन्याने उत्तर आणि मध्य इटली ताब्यात घेतली. 16 ऑक्टोबरला रोममध्ये जर्मनांनी 1,259 जणांना पकडले. 1,023 जणांना आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवले, त्यातले 16 परतले. नोव्हेंबरात, जर्मनांच्या आधाराने उत्तरेत उभ्या राहिलेल्या मुसोलिनीच्या नव्या राजवटीने सगळ्याच ज्यूंना परके आणि शत्रुराष्ट्राचे ठरवले, आणि 30 नोव्हेंबरच्या हुकमाने त्यांना पकडून छावण्यांत टाकायचे काम इटालियन पोलिसांवर सोपवले. पोलिसांना पत्ते शोधावे लागले नाहीत.

रद्द होण्याच्या तारखाही एक नाहीत. इटलीत राजाच्या सरकारने 20 जानेवारी 1944च्या वटहुकुमाने हक्क परत दिले, पण ते दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या दक्षिणेपुरते. रोम 4 जून 1944 ला मुक्त झाले, मिलान आणि तुरिन एप्रिल 1945 मध्ये. न्यूरेंबर्गचे कायदे दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेने 20 सप्टेंबर 1945 ला आपल्या पहिल्याच कायद्याने रद्द केले.