संदर्भनिर्देश (शोधलेखनातील)

संदर्भनिर्देश : संशोधनपर लेखनात दुसऱ्याचे विधान, मूळ पाठ, आकडेवारी किंवा कल्पना वापरताना ती कोठून घेतली हे वाचकाला नेमके कळवण्याची पद्धत. तिची दोन अंगे असतात. मजकुरात एक खूण असते, म्हणजे तळटीपेचा अंक किंवा कंसातले लेखकनाम व वर्ष. ही खूण वाचकाला तळटीप, अंतटीप किंवा संदर्भसूचीतील सविस्तर नोंदीकडे नेते. नुसती ग्रंथसूची म्हणजे संदर्भनिर्देश नव्हे. प्रबंधाच्या शेवटी दोनशे ग्रंथांची यादी दिली, तरी त्यांतले कोणते विधान कोठल्या पानावरून आले हे तिच्यातून समजत नाही. वाचकाला त्याच ग्रंथाच्या त्याच ओळीपर्यंत स्वतः जाऊन पडताळा घेता यावा, हा या पद्धतीचा मुख्य हेतू आहे. मूळ लेखकाचे श्रेय आणि चौर्याच्या आरोपापासून संरक्षण हे त्यातून आपोआप साधणारे लाभ होत.

उगम : आधार सांगून लिहिण्याची शिस्त मुद्रणाच्या पुष्कळ आधीची आहे. संस्कृत टीकाकार मल्लिनाथ (साधारणतः चौदावे-पंधरावे शतक) याने रघुवंशावरील टीकेच्या आरंभी ‘नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते’ अशी प्रतिज्ञा केली आहे. आधार नसलेले काही लिहिणार नाही आणि गरज नसलेले काही बोलणार नाही, असा तिचा आशय. धर्मशास्त्रावरील निबंधग्रंथांत (म्हणजे जुन्या ग्रंथांतील वचने विषयवार संकलित करणाऱ्या ग्रंथांत) तर संदर्भाची एक ठरीव लेखनपद्धतीच आढळते. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणीत (तेरावे शतक) स्मृती-पुराणांतील वचने ग्रंथनाम सांगून दिली आहेत. कमलाकरभट्टाच्या निर्णयसिंधूत (सामान्यतः १६१२ हे वर्ष मानले जाते) ‘हेमाद्रौ भविष्ये’ अशा घाटाचे निर्देश येतात. वचन भविष्यपुराणाचे, पण ते हेमाद्रीच्या ग्रंथात मिळाले, असा त्याचा अर्थ. आज ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहून जे सांगितले जाते, तेच येथे दोन सप्तम्यांत सांगितले आहे. पुढे या निर्देशांचा उपयोग इतिहासकारांना झाला. कोणता निबंधकार कोणाचे वचन घेतो, यावरून ग्रंथांचा पूर्वापर क्रम लावता येतो. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाच खंडांत (१९३०–६२) कालनिश्चितीसाठी हे साधन सातत्याने वापरले. काण्यांच्या स्वतःच्या तळटीपाही मूळ संस्कृत वचनांनी भरलेल्या आहेत, त्यामुळे त्यांचे मत न पटणाऱ्या वाचकालाही त्याच पानावर पुरावा तपासता येतो. जुन्या पद्धतीची एक मर्यादा मात्र ध्यानात घ्यायला हवी. ग्रंथाचे नाव असते, पण अध्याय किंवा श्लोकांक बहुधा नसतो. परिणामी निबंधांत उद्धृत झालेली अनेक पुराणवचने आज छापील प्रतींत सापडत नाहीत. ती लुप्त पाठातली की स्मरणाने दिलेली, हे ठरवणे अवघड होते.

युरोपात बीड या इंग्रज मठवासी विद्वानाने आठव्या शतकाच्या पूर्वार्धात लूकच्या शुभवर्तमानावरील भाष्यात समासात आद्याक्षरे घालून ऑगस्टीन, जेरोम, ग्रेगरी व अँब्रोझ यांची वचने वेगळी दाखवली. नकलाकारांनी ही अक्षरे गाळू नयेत, असेही त्याने विनवले. तळटीप नेमकी कोणाची, हा वाद मात्र मिटलेला नाही. लंडनचा मुद्रक रिचर्ड जग याने १५६८ च्या बायबलात पानाच्या तळाशी टीप छापली, म्हणून जनकत्व त्याच्याकडे द्यावे असे एक मत आहे. पण पान भरल्याने समासटीप खाली सरकणे ही छपाईची सोय होय. विधानागणिक पुरावा मांडणारी टीप ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. या दृष्टीने फ्रेंच विचारवंत पिएर बेल याच्या १६९७ मधील चिकित्सक कोशाकडे अधिक बोट दाखवता येते. त्यात वर थोडा मजकूर आणि खाली त्याच्या कित्येक पट टीपा व टीपांच्याही आधारखुणा, अशी पानेच्या पाने आहेत. जर्मन इतिहासकार रांके याच्यापासून (पहिला ग्रंथ १८२४) दफ्तरखान्यातील मूळ कागदाचा हवाला देणारी टीप रूढ झाली, हे जुने मत पाठ्यपुस्तकांत अजून चालते. अँथनी ग्राफ्टन यांनी १९९७ मध्ये तळटीपेचा इतिहास लिहून हा वारसा बेलपर्यंत व त्याहीमागे नेला. ते मत अधिक ग्राह्य वाटते.

टीप कोठे छापावी, हा प्रश्नही जुनाच. इंग्रज इतिहासकार गिबन याच्या रोमविषयक इतिहासाचा पहिला खंड १७७६ मध्ये निघाला, तेव्हा टीपा ग्रंथाच्या शेवटी होत्या. डेव्हिड ह्यूमने त्याच वर्षी प्रकाशकाला पत्र लिहून त्या समासात किंवा पानाच्या तळाशी घ्याव्यात असे सुचवले, आणि पुढे तिसऱ्या आवृत्तीत त्या तळाशी आल्या. वाचताना दर टीपेला मागची पाने चाळावी लागली की बहुतेक वाचक टीपा सोडून देतात. इतिहास व वाङ्मय या विषयांत तळटीप टिकून राहिली, याचे हे एक कारण असावे.

लेखक-वर्ष पद्धत : मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव व प्रकाशनवर्ष देण्याच्या पद्धतीला हार्वर्ड पद्धत असे नाव आहे. हार्वर्ड विद्यापीठाने तशी अधिकृत पद्धत ठरवलेली नाही. तेथील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये शेतातल्या एका गोगलगायीच्या अंड्याच्या फलन व विभाजनावर प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या पृ. १९४ वर कंसातला लेखक-वर्ष निर्देश येतो आणि तळाशी ताराचिन्हाखाली त्याचा खुलासाही केलेला आहे. एली चेर्निन यांनी १९८८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा पुरावा पुढे आणला, आणि तो आज सामान्यतः मान्य होतो. नाव कसे पडले याबद्दल, हार्वर्डच्या ग्रंथालयातील पद्धत पाहून प्रभावित झालेल्या एका इंग्रज पाहुण्याने ते रूढ केले असे सांगतात. विज्ञानात ही पद्धत मुरली याचे कारण उघड आहे. तेथे मत किती जुने आहे हे वाचतावाचताच कळावे लागते, आणि (मार्क, १८८१) हे दोन शब्द ते काम करतात. सतराव्या शतकातील पत्राच्या १९३० मधील छापील प्रतीला मात्र कंसातले ‘१९३०’ हे वर्ष दिशाभूल करणारे ठरते. इतिहासलेखकांनी ही पद्धत सरसकट स्वीकारली नाही, ते याचसाठी.

वैद्यकात अंकपद्धत चालते. वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले आणि तेथे ठरलेले नियम पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. त्यांत संदर्भांना उल्लेखाच्या क्रमाने अंक मिळतात. याशिवाय शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची शिकागो (१९०६ पासून), अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची एपीए (१९२९ मधील मानसशास्त्रीय नियतकालिकातील काही पानांच्या सूचनांपासून) आणि मॉडर्न लँग्वेज असोसिएशन या भाषाभ्यासकांच्या संस्थेची एमएलए (१९५१ पासून) या शैली प्रचारात आहेत. त्यांतले फरक बहुतांशी स्वल्पविराम, कंस व तपशिलांचा क्रम यांचे असतात. नियतकालिक किंवा विद्यापीठ सांगेल ती शैली घ्यावी व शेवटपर्यंत तीच पाळावी.

मराठी साधनांचे प्रश्न : मराठी शोधलेखनात खरी अडचण विरामचिन्हांची नसून स्थाननिर्देशाची आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडाखंडाने प्रसिद्ध केली, त्यांत प्रत्येक कागदाला लेखांक आहे. म्हणून ‘राजवाडे, खं., ले.’ एवढ्यावर कागद सापडतो, पृष्ठांक नसला तरी चालतो. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ भागांनाही (१९३०–३४) हीच सोय आहे. अप्रकाशित कागदाचे तसे नाही. तेथे संग्रहाचे नाव, दफ्तर, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) व पुडके यांचे क्रमांक, कागदाची तारीख आणि कोणी कोणास लिहिले हे सर्व द्यावे लागते. नुसते ‘पुणे दफ्तरातील पत्र’ असे म्हणणे म्हणजे हजारो रुमालांकडे हात करण्यासारखे आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकात आलेला कागद त्रैमासिकातून घेतला असेल, तर त्रैमासिकाचाच हवाला द्यावा. मूळ कागद हाती न घेता त्याचा क्रमांक देणे अप्रामाणिकपणाचे आहे.

तारखांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडील तिथीवार नोंदींच्या टिपणात) शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३ शके १५५१ असा नोंदला आहे. शकात ७८ मिळवण्याचा ढोबळ हिशेब केला तर १६२९ येते. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन पौषाच्या सुमारास. त्यामुळे फाल्गुनातील तिथीला ७९ मिळवावे लागतात आणि वर्ष १६३० येते. शासनाने स्वीकारलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या ज्युलियन गणनेची आहे. ग्रेगरियन गणनेने ती १ मार्च १६३० होते. त्यातच इंग्रजांच्या वखारीच्या कागदांत त्या काळी वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारीतील कागदावर १६२९ पडलेले असू शकते. मराठी कागदांत येणाऱ्या शुहूर सनाला साधारणतः ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, कारण तो सन मृगाच्या सुमारास बदलतो. म्हणून टीपेत आधी कागदावरची तारीख जशीच्या तशी द्यावी, मग कंसात इसवी तारीख व कोणत्या गणनेची ते सांगावे. रूपांतर चुकले तरी मूळ तारीख वाचकापाशी राहते.

संतवाङ्मयात पृष्ठांकापेक्षा ओवी किंवा अभंगाचा अंक महत्त्वाचा. ज्ञानेश्वरीतील पसायदानाची सुरुवात बहुतेक प्रचलित प्रतींत १८.१७९४ या ओवीपासून होते, तरी राजवाड्यांच्या प्रतीत (१९०९) किंवा इतर चिकित्सित प्रतींत ओव्यांची संख्या सारखी नसल्याने अंक जुळत नाहीत. तुकारामगाथेचेही तसेच. इंदुप्रकाश छापखान्याची प्रत (१८६९–७३) आणि शासकीय प्रत (१९५०, पुनर्मुद्रण १९७३) यांत एकच अभंग वेगळ्या अंकाखाली भेटू शकतो. नुसते ‘तुकाराम, अभंग अमुक’ असे लिहिल्याने काहीच साधत नाही. प्रत सांगावी, आणि जोडीला अभंगाचा पहिला चरण द्यावा. महाभारताबाबत हा प्रश्न भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीने (१९३३–६६) बराच सुटला आहे. पर्व, अध्याय, श्लोक हे तीन अंक व आवृत्तीचे नाव एवढे पुरते.

सूचीत आधुनिक लेखक आडनावाने लागतात (राजवाडे, वि. का.), जुने ग्रंथकार स्वनामाने (ज्ञानेश्वर, एकनाथ, मोरोपंत). क्ष व ज्ञ ही अक्षरे काही सूच्यांत वर्णमालेच्या शेवटी, तर काहींत क व ज यांच्या पोटात घेतात. कोणताही क्रम चालेल, सूचीच्या आरंभी तो सांगावा. मराठी विश्वकोशातील नोंदींखाली ‘संदर्भ’ म्हणून ग्रंथांची नावे, स्थळ व वर्ष येतात, पृष्ठांक सहसा येत नाहीत. पुढील वाचनासाठी ते ठीक आहे, पण अनेक विद्यार्थी तोच नमुना प्रबंधात उचलतात, तेथे तो अपुरा पडतो.

वापरातील नियम : शब्दशः उतारा अवतरणचिन्हांत आणि पृष्ठांकासह द्यावा. जुने शुद्धलेखन सुधारू नये. स्वतः घातलेला शब्द चौकोनी कंसात, गाळलेला भाग टिंबांनी दाखवावा. आशय आपल्या शब्दांत सांगितला तरी संदर्भ लागतोच. परिच्छेदाच्या शेवटी एकच टीप ठोकली, तर त्यातली कोणती वाक्ये उसनी हे कळत नाही. आवृत्ती व पुनर्मुद्रण यांत भेद करावा, कारण नव्या आवृत्तीत पाने हलतात. ‘तत्रैव’ म्हणजे लगतच्या मागील टीपेतला ग्रंथ. नंतर मध्ये नवी टीप घुसवली, तर जुने ‘तत्रैव’ मुकाट्याने भलत्याच ग्रंथाकडे वळते. प्रबंधांत ही चूक फार आढळते. अखेरचा मजकूर पक्का होईपर्यंत लेखकनाम व लघुशीर्षक लिहिणे हा त्यावरचा उपाय. दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतलेले अवतरण ‘उद्धृत’ म्हणून दाखवावे, कारण मधल्या लेखकाच्या वाचनातली चूक आपल्या माथी येऊ नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य-प्रतिबंधाचे विनियम काढले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्के असल्यास ठरावीक मुदतीत, सहा महिन्यांच्या आत, सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष सादरीकरणाला बंदी आहे, आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वज्ञात वाक्ये या मोजणीतून वगळलेली आहेत. साम्य शोधणारी आज्ञावली शब्दांच्या ओळी जुळवते. इंग्रजी ग्रंथातून मराठीत भाषांतर करून घेतलेला परिच्छेद तिच्या हाती सहज लागत नाही. तेथे परीक्षकाचे वाचनच उपयोगी पडते.

जालावरील मजकुराला लेखक, शीर्षक, संस्थेचे नाव, प्रकाशनदिनांक व पाहिल्याचा दिनांक द्यावा, कारण दुवे मरतात व पाने बदलतात. नियतकालिकातील लेखाला डीओआय क्रमांक (लेखाची जालावरील कायमची ओळख) असल्यास (तो ‘१०.’ने सुरू होतो) दुव्याऐवजी तो द्यावा. लेख दुसऱ्या पत्त्यावर गेला तरी नोंदणी अद्ययावत ठेवलेली असल्यास हा क्रमांक तेथे पोचवतो. छापील ग्रंथाची छायाप्रत जालावर वाचली असेल, तर छापील आवृत्तीचाच तपशील देऊन संग्रहाचे नाव शेवटी जोडतात. संगणकाने तयार करून दिलेल्या संदर्भातला ग्रंथ, वर्ष व पान प्रत्यक्ष उघडून पाहावे. असे संदर्भ दिसायला बिनचूक पण अस्तित्वात नसलेल्या लेखांचे असल्याचे प्रकार घडले आहेत.