उपचार की उपासना? ब्रुकलिनमधल्या एका व्यसनमुक्ती घराची पार्श्वभूमी

अमेरिकेतली ख्रिस्ती व्यसनमुक्ती केंद्रं सरकारी नियम पाळायला कितपत बांधील आहेत, हा प्रश्न तिथे दर काही वर्षांनी कोर्टात नाहीतर विधिमंडळात येतो. त्याला खरं तोंड फुटलं ते १९९५ साली, टेक्सासात. ज्या ‘टीन चॅलेंज’ या संस्थेवरून फुटलं ती तोवर साडेतीन दशकं जुनी झाली होती आणि तिचा जन्म न्यूयॉर्कचा होता.

दारुड्यांना भाकरी, बिछाना आणि बायबल देणारी मिशनं त्या शहरात १८७२ पासून होती. तो भाग बाजूला ठेवू, कारण या संस्थेची सुरुवात दारूपासून झालीच नाही. एका खुनापासून झाली. जुलै १९५७ मध्ये मॅनहॅटनच्या हायब्रिज पार्कात पोलिओमुळे अधू झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला टोळीतल्या पोरांनी मारलं. सात जणांवर खटला उभा राहिला. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावच्या डेव्हिड विल्करसन या पेंटेकोस्टल (एक ख्रिस्ती पंथ) पाळकाने त्यांच्याविषयी मासिकात वाचलं आणि १९५८ च्या फेब्रुवारीत तो थेट कोर्टात जाऊन थडकला. न्यायाधीशांशी बोलू द्या म्हणून सुनावणीत पुढे झाला, तेव्हा त्याला बाहेर काढण्यात आलं. हातात बायबल घेतलेला त्याचा फोटो वर्तमानपत्रांत छापून आला. त्या सात मुलांची भेट काही मिळाली नाही, पण पोलिसांनी हाकललेला माणूस आपलाच, असं म्हणून रस्त्यावरची पोरं त्याच्याशी बोलायला लागली.

टोळ्यांतल्या मुलांपाठोपाठ हेरॉईन समोर आलंच. १९६० च्या सुमारास ब्रुकलिनच्या क्लिंटन अव्हेन्यूवर एक जुनं मोठं घर घेतलं गेलं आणि १९६२ पासून पेनसिल्व्हेनियातल्या रेहरर्सबर्गचं शेत त्याला जोडलं गेलं. आधी काही महिने शहरात, मग शेतावर, मिळून साधारण वर्षभर: हा साचा तेव्हा पडला, तो आजही बहुतेक तसाच आहे. दिवस प्रार्थनेने सुरू होई. मग बायबलचे वर्ग, मग अंगमेहनत. सिगारेटसुद्धा बंद. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, लागली की औषध नाही. पोरगा घामाने भिजलेला, हातपाय आखडलेला, ओकाऱ्या काढत पडलेला असे आणि पलंगाशी कोणीतरी बसून प्रार्थना करत असे. आज हे वाचून अंगावर काटा येईल, पण त्या वेळी दुसरीकडे काय होतं तेही पाहायला हवं. केंटकीतल्या लेक्सिंग्टनचं सरकारी रुग्णालय १९३५ पासून चालू होतं आणि तिथून सुटलेले बहुतेक जण पुन्हा सुईकडे वळत. न्यूयॉर्कने १९५२ मध्ये नॉर्थ ब्रदर बेटावर खास किशोरांसाठी रुग्णालय काढलं. त्याच्या रुग्णांचा पाठपुरावा केला तेव्हा जवळजवळ सगळेच परत नशेत गेलेले आढळले, आणि १९६३ मध्ये ते बंद झालं. हेरॉईनऐवजी डॉक्टरच्या देखरेखीखाली मेथाडोन हे औषध देण्याचे प्रयोग अजून सुरूही व्हायचे होते. सरकारी मार्ग असा फसलेला असताना एका पाळकाच्या घरातून चार पोरं शुद्धीवर येऊन बाहेर पडली, तर त्याची बातमी होणारच. १९६३ चं त्याचं पुस्तक अफाट खपलं, १९७० मध्ये त्यावर चित्रपट आला आणि देणग्यांची ददात मिटली.

नंतरच्या सगळ्या भांडणांत एक आकडा सतत फेकला जातो: ८६ टक्के. तो आला १९७५ च्या पाहणीतून. सरकारी पैशातून झालेल्या या पाहणीत १९६८ साली ब्रुकलिनला दाखल झालेल्यांना सात वर्षांनी गाठलं गेलं. शेतावरचा कार्यक्रम पुरा केलेल्यांपैकी ८६ टक्क्यांनी आपण नशामुक्त असल्याचं सांगितलं. लघवीच्या तपासणीत हे प्रमाण ६७ टक्के निघालं. दोन्ही आकडे त्या काळाच्या मानाने उत्तमच. मात्र ब्रुकलिनच्या दारातून आत आलेल्यांपैकी कार्यक्रम पुरा करणारे होते जेमतेम १८ टक्के. म्हणजे शेवटपर्यंत टिकलेल्यांचा हा निकाल. मध्येच निघून गेलेले या टक्केवारीत नाहीतच. संस्थेच्या पत्रकांत ८६ ठळक असतो, १८ शोधावा लागतो.

आता टेक्सास. १९९५ मध्ये राज्याच्या व्यसननियंत्रण आयोगाने टीन चॅलेंजच्या सॅन अँटोनियोतल्या केंद्राची तपासणी केली आणि परवाना काढून घेण्याची नोटीस दिली. मुख्य आक्षेप होता समुपदेशकांच्या पात्रतेवर: केंद्रात शिकवणारे स्वतः तिथूनच बाहेर पडलेले, त्यांच्याकडे राज्याचं प्रमाणपत्र नाही. नोंदींतल्या आणि इमारतीतल्या त्रुटीही होत्या. केंद्राचं उत्तर असं, की आम्ही व्यसनाला रोग मानतच नाही, पाप मानतो. मग रोगावरच्या उपचाराचे नियम आम्हाला कसे लागू? जुलैत समर्थकांनी अलामोसमोर मोर्चा काढला. अलामो म्हणजे टेक्सासचं हुतात्मा स्मारकच. तिथे जमल्यावर परवान्याचा प्रश्न अस्मितेचा व्हायला वेळ लागला नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश केंद्राच्या बाजूने उभे राहिले. १९९६ मध्ये त्यांनी अभ्यासगट नेमला आणि १९९७ मध्ये कायदाच बदलला. केवळ धार्मिक मार्गाने चालणाऱ्या केंद्रांना परवान्यातून सूट मिळाली. फक्त नोंदणी करायची.

या कायद्यातल्या अटी सहसा कोणी सांगत नाही. सूट घेतलेल्या केंद्राला वैद्यकीय पद्धतीने नशा उतरवता येत नाही. इथली सेवा निव्वळ धार्मिक आहे, तिच्यावर राज्याचं नियंत्रण नाही, इथे प्रार्थना, नैतिक मार्गदर्शन आणि शास्त्रवाचन एवढंच मिळेल, हे जाहिरातीत छापावं लागतं आणि दाखल होणाऱ्याला लेखी कळवावं लागतं. कागदावर हे चोख आहे. पण दोन रात्री न झोपलेल्या माणसाला आई किंवा भाऊ धरून आणतात तेव्हा तो फॉर्म कितपत वाचून सही करतो, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. उलट बाजूही खरी आहे. आयोगाचे नियम अक्षरशः लावले असते, तर रस्त्यावरच्या माणसाला फुकट ठेवून घेणारं एक दार बंद झालं असतं, आणि त्याच्या जागी दुसरं उघडायला राज्याकडे तयारी नव्हती.

टेक्सासचा हा नमुना २००१ मध्ये वॉशिंग्टनला पोहोचला. जानेवारीत व्हाइट हाउसमध्ये धार्मिक संस्थांसाठी स्वतंत्र कार्यालय उघडलं आणि २००४ पासून व्यसनी माणसाच्या हाती व्हाउचर देण्याची योजना आली. केंद्र कोणतं, हे त्याने निवडायचं. पैसा व्यक्तीला दिला, चर्चला नाही, असं सांगायची सोय झाली. म्हणजे तपासनीस आला की आम्ही उपासना करतो आणि निधीचा अर्ज भरताना आम्ही उपचार करतो, अशी ही दुहेरी भूमिका. याचा राग टीकाकारांना सर्वाधिक आहे आणि तो अनाठायी म्हणता येत नाही.

श्रमाचा मुद्दा यापेक्षा जुना. अर्कान्सातल्या एका वेगळ्या ख्रिस्ती संस्थेच्या पेट्रोलपंपांवर आणि दुकानांत पूर्वाश्रमीचे व्यसनी अन्न-वस्त्र-निवाऱ्याच्या बदल्यात राबत. आम्ही स्वयंसेवक आहोत, असं त्यांनी स्वतः सांगितलं, तरी सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये त्यांना कामगारच ठरवलं. त्यानंतरही ‘श्रमोपचार’ चालूच आहे आणि त्यावरचे दावेही.

अलीकडचा पेच औषधांचा आहे. हेरॉईनसारख्या नशेची ओढ आवरणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाला २००२ मध्ये मान्यता मिळाली. मेथाडोन तर त्याआधीपासून होतं. कित्येक धार्मिक केंद्रं दोन्ही चालू असलेल्यांना घेत नाहीत, कारण त्यांच्या लेखी एक नशा सोडून दुसरी धरणं म्हणजे सुटका नव्हे. हेरॉईनपेक्षा कितीतरी जहाल अशा फेंटानिलच्या काळात हे महाग पडतं. वर्षभर कोरड्या राहिलेल्या शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि बाहेर पडल्यावरचा पहिलाच जुना डोस जीव घेऊ शकतो. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने स्पष्ट केलं, की डॉक्टरने दिलेलं असं औषध घेतो म्हणून कुणाला नाकारणं हा अपंगत्वाच्या कायद्याखाली भेदभाव ठरू शकतो. धार्मिक संस्थांना त्या कायद्याच्या संबंधित भागातून सूट आहे. पण केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या संस्थेला १९७३ चा पुनर्वसन कायदा लागू होतो आणि त्यात तशी सूट नाही.