साथीच्या काळात पुढाऱ्यांचं बोलणं आणि लोकांचं ऐकणं

साथ आली की सरकारला लोकांकडून अशा गोष्टी करून घ्याव्या लागतात ज्या एरवी कोणी केल्या नसत्या. कामावर जाऊ नका, मयतीला गर्दी करू नका, घरातला आजारी माणूस आमच्या ताब्यात द्या, दंडावर सुई टोचून घ्या. प्रत्येक दारात पोलीस उभा करता येत नाही, त्यामुळे यातलं बहुतेक सगळं लोकांनी आपणहूनच करावं लागतं, आणि ते करतात का नाही हे पुष्कळदा सांगणारा कोण आहे, त्याने कारण सांगितलं का, तयारीला वेळ दिला का आणि तो स्वतः पाळतो का यावर ठरतं. आरोग्य खात्यातले लोक याला रिस्क कम्युनिकेशन म्हणतात, म्हणजे धोक्याबद्दल लोकांशी बोलणं. महाराष्ट्राने हे दोनदा फार जवळून पाहिलंय, एकदा १८९७ च्या प्लेगमध्ये आणि एकदा २०२० च्या कोरोनात, आणि दोन्ही वेळा एक कायदा तोच वापरला गेला, ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा.

मुंबई आणि पुण्याचा प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. ऑक्टोबरमध्ये म्युनिसिपालिटीने संशयित रोग्याला जबरदस्तीने हॉस्पिटलात हलवायचा अधिकार घेतला. हे का करतोय, आत नेल्यावर त्या माणसाचं काय होणार, घरच्यांना भेटता येईल का, हे चाळीत जाऊन समजावणारं कोणी नव्हतं, मग ती जागा अफवांनी भरली. हॉस्पिटलात नेलेल्याला मारतात, अंगातून औषधासाठी तेल काढतात असं लोक एकमेकांना सांगायला लागले आणि २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड हॉस्पिटलवर हल्लाच केला. हेच हॉस्पिटल आज कस्तुरबा म्हणून ओळखलं जातं आणि मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोरोना पेशंट इथेच ठेवले होते.

पुण्यात प्रकरण याहून बिघडलं. फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याला प्लेग कमिटीचा अध्यक्ष केलं आणि मार्चपासून गोऱ्या सोल्जरांकडून घरांची झडती सुरू झाली. आपण त्या घरात उभं राहून बघितलं पाहिजे. ज्या स्वयंपाकघरात घरातली माणसंसुद्धा सोवळ्याशिवाय जात नाहीत तिथे बूट घातलेला सोल्जर शिरतो, त्याला मराठी येत नाही, घरच्यांना इंग्रजी येत नाही, तो काख आणि जांघ तपासायला बघतो कारण प्लेगची गाठ तिथे येते, पण हे कारण समोरच्या बाईला कोणी सांगितलेलंच नाही, तिला फक्त एक परका पुरुष अंगाला हात लावायला येतोय एवढंच दिसतं. सामान रस्त्यावर काढून जाळलं जायचं. रोग्याला वेगळं ठेवणं हा उपाय वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नव्हता हे मुद्दाम सांगायला पाहिजे, पण परिणाम असा झाला की लोक आजारी माणसं लपवायला लागले, गुपचूप अंत्यविधी उरकायला लागले, म्हणजे जे टाळायचं होतं नेमकं तेच वाढलं.

याच काळात टिळक पुण्यातच थांबले. हिंदूंसाठी वेगळं प्लेग हॉस्पिटल काढण्यात त्यांचा पुढाकार होता, गाव सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी टीका केली, आणि केसरीतून रोग्यांना वेगळं ठेवायची गरज मान्य करत झडतीच्या पद्धतीवर कडक लिहिलं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत पुण्याबाहेर रोग्यांवर उपचार करत होते, तिथेच लागण होऊन १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. टिळक आणि सावित्रीबाईंच्या बोलण्याला जे वजन होतं ते रँडच्या हुकमाला येणं शक्यच नव्हतं, कारण ही माणसं लोकांच्या बरोबर त्याच धोक्यात उभी होती.

२२ जून १८९७ ला, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीत दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच रात्री दुसरा एक ब्रिटिश अधिकारी, लेफ्टनंट आयर्स्ट, मारला गेला आणि रँड ३ जुलैला. पुढे केसरीतल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन १८ महिन्यांची शिक्षा झाली. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केल्याचा आरोप तिथल्या पेपरात केला, परत आल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. साथीत पुढाऱ्याने खात्री करून बोलणं किती महत्त्वाचं याचं हे फार जुनं आणि फार प्रामाणिक उदाहरण आहे. ९ मार्च १८९८ ला मुंबईत मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत तपासणीवरून दंगल पेटली. एवढं सगळं झाल्यावर सरकारने जबरदस्ती हळूहळू सैल केली आणि गावातल्या प्रतिष्ठित लोकांना हाताशी धरायला सुरुवात केली.

लसीचं थोडं वेगळं झालं. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी १० जानेवारी १८९७ ला मुंबईत स्वतःची प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. इस्माइली समाजाचे तरुण प्रमुख तिसरे आगाखान यांनी तर आपल्या लोकांसमोर जाहीरपणे ती घेतली, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा, कारण नुसतं घ्या म्हणून कोणी घेणार नाही हे त्यांना दिसत होतं. १ मार्च २०२१ ला पंतप्रधान मोदींनी एम्समध्ये लस घेतानाचा फोटो देशभर गेला त्यामागचा विचारही हाच.

मार्च २०२० ची ती संध्याकाळ

९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले पेशंट सापडले. १९ मार्चला रात्री ८ वाजता मोदींनी जनता कर्फ्यू जाहीर केला, २२ तारखेला देश खरंच घरात बसला, संध्याकाळी ५ ला थाळ्या वाजल्या आणि काही ठिकाणी लोक थाळ्या वाजवत जमावाने रस्त्यावरच आले. भावनेला हात घातला की लोक लगेच उठतात हे खरं, पण ते त्यातली कृती लक्षात ठेवतात आणि कारण मागे राहतं. थाळी सगळ्यांना कळली, अंतर ठेवायचं कशाला हे तेवढं कळलं नाही.

मग २४ मार्च, पुन्हा रात्री ८ वाजता, आणि रात्री १२ पासून २१ दिवसांचा लॉकडाऊन. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. घरातून बाहेर पडू नका हे भाषणात अनेकदा आलं, पण किराणा, दूध, औषधं चालू राहणार का हे ऐकणाऱ्याच्या मनात नीट बसलं नाही, आणि भाषण संपायच्या आत आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे शटर अर्धं खाली आणि बाहेर पन्नासएक माणसं, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, कोणी पीठ मागतंय कोणी साखर. घाबरू नका, सगळं मिळत राहील असं पंतप्रधानांनी थोड्याच वेळात ट्वीट केलं, पण तोवर पिशव्या घेऊन लोक निघाले होते. हे एक वाक्य भाषणात सुरुवातीलाच ठळक आलं असतं तर त्या रात्रीची अर्धी गर्दी टळली असती असं मला आजही वाटतं. १४ एप्रिलला लॉकडाऊन ३ मेपर्यंत वाढवला त्याच दिवशी वांद्रे स्टेशनबाहेर परप्रांतीय मजुरांची मोठी गर्दी जमली, ज्यांना घरी थांबा सांगितलं होतं त्यांचं घर हजार किलोमीटरवर होतं आणि त्यांच्यासाठी त्या बोलण्यात काहीच नव्हतं.

न्यूझीलंडमध्ये तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी २१ मार्चला आधी निर्बंधांची चार पायऱ्यांची पद्धत समजावली, २३ ला सांगितलं की दोन दिवसांनी सगळं बंद होणार, आणि २५ च्या रात्री मुलीला झोपवून घरच्या साध्या कपड्यात फेसबुक लाईव्हवर येऊन लोकांच्या शंकांना उत्तरं दिली. पन्नास लाखांचा देश आणि एकशे तीस कोटींचा देश यांची सरळ तुलना करता येत नाही हे मान्य, पण वेळ आधी सांगणं आणि प्रश्न ऐकून घेणं याला लोकसंख्या आड येत नाही.

महाराष्ट्रात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुक लाईव्ह करायचे. व्यासपीठ नाही, आवाज चढवणं नाही, घरातलं मोठं माणूस जेवताना बोलतं तसं. चाळीत एका फोनभोवती चारपाच जण बसून ते ऐकायचे आणि नंतर त्यावर वाद घालायचे. आरोग्यमंत्री राजेश टोपे आकडे घेऊन रोज बोलायचे. टीकाही भरपूर झाली, मुख्यमंत्री घरातूनच कारभार करतात म्हणून, आणि ती टीका या विषयात महत्त्वाची आहे कारण ज्यांचा माणसावर विश्वास नव्हता त्यांना त्याचा शांत सूरही खटकला. सप्टेंबर २०२० ला 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही सरकारी मोहीम आली, फेब्रुवारी २०२१ ला 'मी जबाबदार', एप्रिलमध्ये 'ब्रेक द चेन' नावाचे निर्बंध. तोपर्यंत लोक थकले होते, खिसे रिकामे झाले होते, व्यापारी रस्त्यावर उतरले, आणि २०२० मध्ये ज्या सुराने धीर दिला तोच सूर २०२१ मध्ये कमी पडायला लागला. भाषण घरातल्या धान्याच्या डब्याची जागा घेऊ शकत नाही.

बाहेरच्या देशांतले अभ्यास

ब्राझीलचे अध्यक्ष बोल्सोनारो यांनी कोरोनाला छोटासा फ्लू म्हटलं आणि उघड गर्दीत गेले. मोबाईल लोकेशनचा डेटा बघून अभ्यासकांनी दाखवलं की अशा बोलण्यानंतर त्यांच्या समर्थकांच्या भागात लोकांचं घरात थांबणं कमी झालं. ब्रिटनमध्ये पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज लॉकडाऊनमध्ये लंडनहून डरहमला गाडी घेऊन गेल्याचं मे २०२० मध्ये बाहेर आलं, आणि इंग्लंडमध्ये सरकार ही साथ नीट हाताळेल यावरचा विश्वास लगेच घसरला, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तसा घसरला नाही. लायबेरियात २०१४ च्या इबोलात ऑगस्टमध्ये वेस्ट पॉइंट ही वस्ती सैन्याने वेढली तेव्हा दंगल झाली. नंतरच्या पाहणीत दिसलं की ज्यांचा सरकारवर भरवसा कमी होता ते नियमही कमी पाळत होते, इबोलाची माहिती त्यांना इतरांइतकीच होती तरी. पुण्यातल्या १८९७ च्या गोष्टीशी हे किती जुळतं.

धारावी आणि वारी

१ एप्रिल २०२० ला धारावीत पहिला पेशंट सापडला तेव्हा सगळ्यांना धडकी भरली होती, सार्वजनिक संडास, दहा बाय दहाच्या खोल्या, अंतर ठेवायचं कुठे. महापालिकेने तिथे वर्षानुवर्षं दवाखाना चालवणाऱ्या खाजगी डॉक्टरांना सोबत घेतलं, ते पीपीई किट घालून गल्लीत फिरले. ज्या डॉक्टरने पोराचा ताप उतरवलाय तो म्हणाला चला तपासू, तर दार उघडतं. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं.

आणि वारी. पायी वारी रद्द करणं हा महाराष्ट्रात कुठल्याही सरकारसाठी सगळ्यात अवघड निर्णय. मेच्या शेवटी उपमुख्यमंत्री अजित पवारांनी पुण्यात देहू आणि आळंदी संस्थानच्या लोकांसोबत बसून बोलणी केली आणि ठरलं की पालखी चालत न जाता पादुका मोजक्या माणसांसोबत नेऊ. ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला निघाल्या, बस फुलांनी सजवलेली, आत मास्क लावलेले वारकरी, मांडीवर टाळ. १ जुलैच्या आषाढीला चंद्रभागेचं वाळवंट मोकळं होतं, आणि लाखो माणसांनी विठ्ठलाला घरूनच हात जोडले.