‘इझ्मेन्चिवस्त’चं मराठीत काय करायचं?

गव्हाच्या दोन ओंब्या शेजारी शेजारी धरा. एकीला लांब कुसळं, दुसरी बोडकी. एक तांबूस, दुसरी पांढरट. हा जो फरक, त्याला इंग्रजी जीवशास्त्रात ‘व्हेरिएशन’ म्हणतात. रशियनमध्ये त्याला शब्द आहे ‘इझ्मेन्चिवस्त’. अनुवादकाची पंचाईत इथूनच सुरू होते.

हा शब्द ‘बदलणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला आहे. लहरी हवामानाला, चंचल नशिबाला रशियन माणूस यातलंच विशेषण लावतो. (याच कुळातल्या ‘इझ्मेना’चा अर्थ तर चक्क दगाबाजी!) म्हणजे ओंब्यांमध्ये आज दिसणारा फरक आणि बदलत राहण्याचा गुण, दोन्ही एकाच शब्दात. इंग्रजीत नेताना ठरवावं लागतं, ‘व्हेरिएशन’ की ‘व्हेरिएबिलिटी’? आपलीही तीच गत. ‘भेद’ म्हटलं तर त्यात हालचाल नाही. ‘परिवर्तनशीलता’ म्हटलं तर ओंबी डोळ्यांसमोर येत नाही. रशियन आनुवंशिकीतज्ज्ञ यूरी फिलिपचेन्को यांनी १९२७ साली जर्मनमध्ये पुस्तक लिहिलं तेव्हा ‘व्हेरिएबिलिटी’ आणि ‘व्हेरिएशन’ यांचे जर्मन प्रतिशब्द शेजारी शेजारी शीर्षकातच घालून टाकले.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांचं प्रकरण आणखी बोलकं. १९२० साली रशियातल्या सारातोव्ह शहरात त्यांनी मांडलं, की जवळच्या नात्यातल्या पिकांत फरकांच्या समांतर मालिका आढळतात. गव्हात कुसळाचे आणि बिनकुसळाचे असे दोन्ही प्रकार असतील, तर राय या धान्यातही ते शोधावेत. या मांडणीच्या रशियन शीर्षकात ‘इझ्मेन्चिवस्त’च्या आधी ‘आनुवंशिक’ हे विशेषण आहे; १९२२ च्या इंग्रजी लेखाच्या शीर्षकात ते नाही. रशियनमध्ये ते लागतं, कारण खतपाण्याने ओंबी भरली तरी तिथे ती ‘इझ्मेन्चिवस्त’च, फक्त वारशाने न येणारी.

आणखी एका शब्दाचा प्रवास मला फार आवडतो. रशियन आनुवंशिकीतज्ज्ञ अलेक्सांद्र सेरेब्रोव्स्की यांनी १९२० च्या दशकात ‘गेनोफोंद’ हा शब्द घडवला, म्हणजे एखाद्या समूहातल्या सगळ्या जनुकांचा साठा. ‘फोंद’ म्हणजे निधी, गंगाजळी. जनुकं ही देशाची संपत्ती, असा त्यांचा रोख. रशियातून अमेरिकेत गेलेले जीवशास्त्रज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी तो इंग्रजीत ‘जीन पूल’ केला. सामायिक साठा उरला, तिजोरी गेली. मी मराठीत ‘जनुककोश’ म्हणेन. राजाच्या खजिन्यालाही कोशच म्हणत.